पंगतीचं पातेलं आणि रोजचा रस्ता

आमच्या रत्नागिरीत सायकल ट्रॅकचा विषय निघाला की दोन मिनिटांत दोन फळ्या पडतात. एकीकडे मुलाकडे किंवा लेकीकडे युरोपात राहून आलेली मंडळी. त्यांच्या मोबाइलमध्ये ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठचे फोटो तयारच असतात. दुसरीकडे ‘इथं? या पावसात? या चढावर?’ असं म्हणून हसणारे. पहिल्यांना रत्नागिरी दिसत नाही आणि दुसऱ्यांना रत्नागिरीपलीकडचं काही दिसत नाही. चहा संपतो, बिल कोणी द्यायचं यावर अर्धा मिनिट ओढाताण होते आणि दोन्ही फळ्या आपापल्या दुचाकीवर बसून घरी जातात. मी या गावात तीसेक वर्षं सायकल चालवतोय. शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हाही आणि निवृत्त झाल्यावरही. त्यामुळे दोन्हीकडचे मला साक्षीला ओढतात आणि माझी साक्ष कोणालाच आवडत नाही.

ती साक्ष इथे लिहून टाकतो. हा सगळा वाद रस्त्याच्या रुंदीवर चाललाय आणि तिथेच तो फसतोय. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, अलिबाग यांसारख्या गावांच्या बाजारपेठेत, आळ्यांत आणि शाळांच्या रस्त्यांवर वेगळा सायकल ट्रॅक करू नये. तिथे सगळ्याच वाहनांचा वेग ताशी 30 किलोमीटरच्या आत आणावा. जिथे वेग खाली आणणं शक्य नाही, म्हणजे मोठा महामार्ग वस्तीतून जातो तिथे मात्र नुसता हिरवा रंग फासून भागणार नाही. तिथे दगडी काठ घालून बाजूला काढलेला ट्रॅकच लागतो. वेग कमी करा, नाहीतर वाट वेगळी करा. तिसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

हे कोणासाठी करायचं? सकाळी सव्वासातला माळनाक्याच्या चढावर उभं राहा, म्हणजे कळेल. जयस्तंभाकडून वर येणारी शाळेची मुलं अर्ध्यावर सायकलवरून उतरतात आणि ढकलत चालू लागतात. परवा दोन मैत्रिणी पाहिल्या. एक सायकल ढकलत होती, दुसरी मागून कॅरिअरला हात लावून जोर देत होती, आणि दोघींची दप्तरं हॅंडलला लोंबत होती. पाठीमागून कोणी हॉर्न दिला की दोघी सायकलसकट गटाराकडे सरकायच्या. त्यांच्या पुढे टोपली डोक्यावर घेऊन चाललेली एक मासेवाली होती. तिला सरकायला जागाच नव्हती, कारण गटारावरची फरशी तुटलेली. समोरून आंब्याच्या बागेत राखणीला असलेले नेपाळी भाऊ एका जुन्या सायकलवर डबलसीट उतरत होते. ब्रेक नव्हता बहुतेक, कारण मागचा माणूस चप्पल जमिनीला घासत होता. यांच्यातलं कोणीही आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे ते वादात नाहीत, आणि वादात आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांनी शाळा सुटल्यापासून पायडल मारलेलं नाही.

आपण समजतो तितकी ही माणसं थोडी नाहीत. 2011 च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात याची नोंद झाली. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले सोडून उरलेल्यांत देशभरात शंभरातले बावीस-तेवीस जण पायी जात होते आणि तेराएक जण सायकलने. मोटारसायकल आणि स्कूटरवाले तेव्हा सायकलवाल्यांपेक्षा किंचित कमीच होते. गेल्या दीड दशकात हे आकडे बदलले असणार, हे दारातल्या गाड्या मोजूनही कळतं. पण पायी चालणारा संपलेला नाही, तो फक्त आपल्या हिशेबातून गेलाय. हिशेबात तो येतो तो मेल्यावर. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली आणि त्यात 32,825 पादचारी होते. म्हणजे पाचातला जवळपास एक माणूस कुठल्याही वाहनात बसलेला नव्हता.

आता हसणाऱ्या फळीचं म्हणणं नीट ऐकू, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पहिला मुद्दा पावसाचा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैमध्ये वारा सुटला की छत्री उलटी होते. सायकल कसली चालवता? मान्य. जुलैतल्या त्या आठवड्यांत मीही चालवत नाही. पण एक विचारतो, स्कूटरवाला त्या पावसात कोरडा राहतो का? त्यालाही रेनकोट लागतो, त्याच्याही चष्म्यावर पाणी येतं, त्यालाही खड्डा पाण्याखाली दिसत नाही. पावसाचं कारण सायकलला लागू पडतं आणि स्कूटरला पडत नाही, याचा अर्थ कारण पावसाचं नाही. शिवाय वर्षाचे आठ महिने कोरडे असतात. आठ महिने भातशेती होत नाही म्हणून कोणी शेत विकून टाकत नाही. पावसाळ्यासाठी गावात वेळेवर धावणारी एसटीची शहर बस हवी, आणि ती हवी असं मी सायकलवाला म्हणूनच म्हणतोय. बस आणि सायकल एकमेकींच्या सवती नव्हेत.

दुसरा मुद्दा चढाचा. आमचं अर्धं गाव सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, आणि अर्धं समुद्राच्या पातळीवर. मांडवीवरून मारुती मंदिरला यायचं तर घाम निघतो, आणि कोकणातला दमट घाम लवकर वाळत नाही. ऑफिसात घामेजल्या शर्टाने बसायचं का? हाही मुद्दा खरा आहे आणि काही वर्षांपूर्वी माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आता आहे. 250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या इलेक्ट्रिक सायकलला आपल्या नियमांत नोंदणीही लागत नाही आणि लायसनही लागत नाही. मोटरची मदत मिळाली की माळनाक्याचा चढ सपाट रस्त्यासारखा वाटतो. चढ आजही तेवढाच आहे, पण त्याचा बाऊ करायचं कारण आता उरलेलं नाही.

मला गंमत याची वाटते की ‘डोंगर आणि पाऊस’ हे पालुपद कोकणाने याआधीही ऐकलंय. कोकणात रेल्वे होणार नाही, असं जाणकार माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. डोंगर ठिसूळ, नद्या उतावळ्या, पाऊस मुसळधार आणि उतारूही पुरेसे नाहीत. नाथ पै, मधू दंडवते यांनी संसदेत हा प्रश्न लावून धरला, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 साली कोकण रेल्वे कॉर्पोरेशन उभं राहिलं आणि अभियंते ई. श्रीधरन यांच्या हाताखाली 26 जानेवारी 1998 ला रोह्यापासून मंगळुरूपर्यंत गाडी धावली. 91 बोगदे खोदले गेले. आमच्या शेजारचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच. डोंगर तेच होते आणि पाऊसही तोच. रेल्वेसाठी हजारो कोटी लागले आणि एका पिढीची जिद्द लागली, हे मी विसरत नाही. बाजारातला वेग कमी करायला त्याच्या शतांशही लागत नाही. पण ज्या कोकणाने साडेसहा किलोमीटर डोंगर पोखरला, त्याच कोकणात स्टेशनावर उतरलेला माणूस गावात पायी किंवा सायकलने येईल, अशी कल्पना नकाशा काढणाऱ्या कोणालाच सुचली नाही. रेल्वे स्टेशन गावाबाहेर सड्यावर, तिथून गावापर्यंत रिक्षा. याला चढ जबाबदार आहे का?

तिसरा मुद्दा सगळ्यांत वजनदार, आणि गंमत म्हणजे तो फार कोणी मांडत नाही. युरोपातला वाद मोटार विरुद्ध सायकल असा आहे. आमच्याकडे ‘गाडी’ म्हणजे दुचाकी. मच्छीविक्रेत्याची एम-एटी, वायरमनची स्प्लेंडर, अंगणवाडी सेविकेची स्कूटी. नवरा-बायको, पुढे एक मूल, मध्ये एक मूल, हे आमचं कौटुंबिक वाहन आहे. दुचाकीने कोकणातल्या बायकांना जे मोकळेपण दिलं ते एसटीनेही दिलं नव्हतं. ॲमस्टरडॅमवाल्यांच्या बोलण्यात मोटारवाला खलनायक असतो. इथे तो खलनायक उभाच राहत नाही. शिवाय वेगळा ट्रॅक केलाच तर आधी त्यात दुचाकी घुसणार हे सांगायला ज्योतिषी नको. घुसू नये म्हणून खांब रोवले तर अपंगांची तीनचाकी अडते, हातगाडी अडते.

मात्र हा मुद्दा मला सायकल सोडायला लावत नाही, उलट वेगाकडे घेऊन जातो. वर्गात आठवी-नववीला गतिज ऊर्जा शिकवताना मी नेहमी हे गणित घालायचो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 30 चा वर्ग 900, 50 चा 2500. म्हणजे वेग दीडपटीहून थोडा जास्त झाला की धडकेचा तडाखा पावणेतीन पट होतो. ताशी 30 ने जाणाऱ्या वाहनाची धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो, हाडं मोडली तरी. 50 ला मरणाचा धोका कितीतरी वाढतो. आणि 30 च्या आत सगळे चालले की दुचाकी, सायकल, रिक्षा, शाळेची व्हॅन यांना वेगवेगळ्या पट्ट्यांची गरजच राहत नाही. ती एकाच रस्त्यावर एकमेकांना सांभाळून जातात, जशी गणपतीच्या मिरवणुकीत जातात. दुचाकीवाल्याच्या विरोधातही यात काही नाही. देशात 2022 साली रस्त्यावर मेलेल्यांत जवळपास 45 टक्के दुचाकीवरचेच होते. वेग कमी झाला तर आधी वाचणार तेच.

‘पण वेळ?’ हा प्रश्न लगेच येतो. तर हेही गणित करू. गावातला रस्ता तीन किलोमीटर धरा. 50 च्या वेगाने न थांबता गेलात तर तीन मिनिटं छत्तीस सेकंद, 30 ने सहा मिनिटं. फरक दोन मिनिटं चोवीस सेकंदांचा. प्रत्यक्षात तोही राहत नाही, कारण बाजारात न थांबता 50 ने कोण जातो? दोन चौकांमधल्या मोकळ्या तुकड्यात गाडी पळवायची आणि पुढच्या चौकात ब्रेक मारून उभं राहायचं, एवढंच चालतं. पानपट्टीवर सुट्टे पैसे मिळेपर्यंत याहून जास्त वेळ जातो. स्पेनने 11 मे 2021 पासून शहरांतल्या ज्या रस्त्यांवर जायला एक आणि यायला एक अशी मार्गिका आहे तिथे सरसकट 30 ची मर्यादा लावली. एका शहरात नव्हे, देशभर. तिथलेही लोक घाईतच असतात.

आता दुकानदार. राम आळीतल्या दुकानदाराला रस्त्यातली पार्किंगची जागा काढायची म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. त्याची भीती मी खोटी म्हणणार नाही. धंदा आधीच ऑनलाइनने खाल्लाय, गावातली तरुण मुलं मुंबई-पुण्याला गेलीत, आणि उरलेलं गिऱ्हाईकही दारात गाडी लावता येत नाही म्हणून कुवारबावकडच्या मोठ्या दुकानात गेलं तर? पण त्याने आपल्याच दुकानाच्या दारात एक सकाळ उभं राहून मोजावं. दारात लावलेल्या दुचाक्यांपैकी किती गिऱ्हाइकांच्या आणि किती त्याच्या, त्याच्या नोकरांच्या आणि शेजाऱ्याच्या? मी एकदा एका ओळखीच्या कापडवाल्याबरोबर बसून मोजलं होतं. सात गाड्या होत्या, दोन गिऱ्हाइकांच्या. उरलेल्या पाचांतली एक त्याची स्वतःची. तो हसला आणि म्हणाला, “मास्तर, हे कुठं लिहू नका.” त्याचं नाव लिहीत नाही, एवढं पुरे. जुन्या आळीत गिऱ्हाईक दुकानात शिरतं ते चालता चालता साडी दिसते म्हणून. 40 च्या वेगाने जाणाऱ्याला काचेतली साडी दिसत नाही.

मग रुंदीकरण का नको? कारण रुंदीकरणाने काय होतं ते आपण पाहिलंय. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं, त्यावर विनोद करायचेही लोक आता थकलेत. त्यात शेकडो वर्षांची सावली गेली. पुण्यात विद्यापीठ चौकात कोंडी फोडायला उड्डाणपूल बांधला आणि 2020 मध्ये तो पाडला. एका पुलाचं उभं आयुष्य दीड दशकाचंही नाही. रस्ता रुंद झाला की वाहनं वाढतात. पाणी जसं खोलगट जागा शोधत येतं तशी ती येतात, आणि दोन-चार वर्षांत कोंडी पुन्हा तिथेच. आमच्यासारख्या गावात तर रुंदीकरण म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची घरं, पडव्या, दारातलं तुळशीवृंदावन मागे सरकवणं. ते एकदा सरकलं की परत पुढे येत नाही. मुंबईने 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम बंद केली तेव्हा ट्राम मोटारींच्या आड येते म्हणूनच केली होती. आज रुळांवरून माणसं नेण्यासाठी तीच मुंबई जमिनीखाली मेट्रोचे बोगदे काढतेय.

रुंदीकरणवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे गणपती आणि मे महिना. ‘चाकरमानी आले की गावात हलायला जागा नसते, तेव्हा काय करणार?’ खरंच नसते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मारुती मंदिरावरून दोनशे मीटर जायला अर्धा तास लागलेला मी पाहिलाय, आणि त्या अर्ध्या तासात मी सायकल खांद्यावर घेऊन फुटपाथ म्हणवणाऱ्या गोष्टीवरून निघूनही गेलोय. पण वर्षातल्या पंधरा-वीस दिवसांच्या मापाने रस्ता बांधणं म्हणजे लग्नाच्या पंगतीच्या मापाचं पातेलं घेऊन रोज दोघांचा भात शिजवणं. पंगतीला पातेलं भाड्याने आणतात. गणपतीतही तेच करता येतं. गावाबाहेर मोकळ्या सड्यावर गाड्या लावायची सोय, तिथून बाजारात सतत फिरणाऱ्या मिनी बस आणि पंधरा दिवस आळ्यांत मोटारींना बंदी. बाकीचे साडेअकरा महिने रस्ता गावातल्या माणसांच्या मापाचा असू दे.

‘ट्रॅक बांधून पाहिले, ओस पडले’ हा आक्षेप राहिला. मुंबईत बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, 2011 च्या सुमाराला ट्रॅक झाला. वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांना तो धड जोडलेला नव्हता. मग त्यात गाड्या उभ्या राहिल्या, टपऱ्या आल्या आणि अलीकडे वाहनांसाठी एक मार्गिका वाढवायला तो काढायचं ठरलं. पुणे तर एके काळी सायकलींचं शहर. तिथल्या ट्रॅकवर मी स्वतः चालवून पाहिलंय. दोनशे मीटर बरं चालतं, मग मधोमध विजेची डीपी, मग झाड, मग बस स्टॉप, मग एकदम वीतभर उंच काठ आणि ट्रॅक संपला. 2017-18 ला तिथे भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि गेल्या. यावरून सायकल आपल्याकडे चालत नाही, असा निष्कर्ष काढतात. ओढ्यावर अर्धाच साकव बांधायचा, आणि वर्षभर कोणी त्यावरून गेलं नाही म्हणून गावाला पलीकडे जायचंच नाही असं ठरवायचं, अशातला हा प्रकार. पण यातून सायकलवाल्यांनीही एक गोष्ट शिकायला हवी. तुकड्यातुकड्यांचा ट्रॅक हा नसलेल्या ट्रॅकपेक्षा वाईट असतो, कारण तो लोकांना खात्री पटवतो की याचा उपयोग नाही. म्हणूनच मी आळ्यांत ट्रॅक मागत नाही.

ॲमस्टरडॅमवाल्यांनाही एक सांगायला हवं. त्यांना वाटतं डच माणूस जन्मतःच सायकलवर बसतो. तसं नाही. पन्नास-साठच्या दशकांत हॉलंडनेही मोटारींसाठी रस्ते मोकळे केले, चौकांचे वाहनतळ झाले आणि सायकली घटत गेल्या. 1971 साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर बसले. चळवळीचं नावच होतं, ‘मुलांचे खून थांबवा’. दोन वर्षांत तेलाचा तुटवडा आला, रविवारी मोटारी बंद राहिल्या आणि लोकांना आपला रस्ता पुन्हा दिसला. आज फोटोत दिसतात ते ट्रॅक त्यानंतरचे. आणि फोटोत न दिसणारी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. डेल्फ्ट गावात काही गल्ल्यांत त्यांनी ट्रॅक वगैरे काही केलं नाही. फुटपाथ आणि रस्ता एका पातळीवर आणला, मध्ये झाडं लावली, वळणं दिली आणि मोटारीला सांगितलं की यायचं असेल तर चालणाऱ्याच्या वेगाने ये. 1976 ला त्याचा कायदा झाला. त्या गल्लीला ते ‘वोनएर्फ’ म्हणतात, म्हणजे राहतं अंगण. हे आपल्याला परदेशातून आणायची गरज आहे का? आपल्या खळ्यात पाहुण्याची गाडी येते तेव्हा ती कशी येते? कोंबड्या बाजूला होईपर्यंत थांबत, वाळत घातलेल्या आमसुलांना वळसा घालत, पोर मध्ये आलं तर इंजिन बंद करून. दोन वाड्या जोडणारी आपली पाखाडी घ्या. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगा, वर फणसाची सावली. चालणाऱ्यासाठी खास बांधलेली वाट म्हणजे काय हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. पाखाडीवरून डांबर ओतलं ते आपण.

आणखी एक गोष्ट सायकलवरच्या गप्पांत येतच नाही, ती म्हणजे मुलींची. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या चळवळीने हजारो बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली. 2006 ला बिहारने नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या, हे अभ्यासकांनी मोजून दाखवलं. आपल्याकडे वाडीतून हायस्कूलला येणाऱ्या मुलीची संध्याकाळची एसटी चुकली की पुढचे दोन तास स्टँडवर. तिला सायकल घेऊन देणारे बाप आहेत. पण माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, “सायकल घेतो हो मास्तर, पण हायवेवरून तिला पाठवायचा धीर होत नाही.” या बापाला मी काय सांगू? सायकलीचे आरोग्यदायी फायदे?

म्हणूनच महामार्गाच्या बाबतीत माझी भूमिका नेमकी उलटी आहे. मिऱ्या-नागपूर महामार्ग साळवी स्टॉप, कुवारबाव करत हातखंब्याकडे जातो. तिथे ट्रक आणि कंटेनर 30 ने जाणार नाहीत, आणि मी तसा हट्टही धरत नाही. तिथे दोन्ही बाजूंना सलग, उंच काठाने तोडलेली, दोन सायकली शेजारून जातील एवढी वाट हवी. हा तुकडा तसा सपाट आहे, सड्यावरचा. म्हणजे चढाचं कारणही नाही. रेवस-रेडी सागरी मार्गावर खाड्यांवर पूल होतायत, तिथेही आराखड्यातच ही जागा ठेवली तर खर्च नगण्य. पूल बांधून झाल्यावर ती ठेवता येत नाही.

यातलं काहीच मोटारीच्या विरोधात नाही. आईला रात्री अडीच वाजता दम लागला तेव्हा मी सायकल काढली नव्हती, शेजाऱ्याच्या मोटारीचं दार वाजवलं होतं. ज्या गावात घरोघरी दोन म्हातारी माणसं आणि मुलगा ठाण्याला, तिथे मोटार ही चैन नव्हे. पण त्या रात्री रस्ता मोकळा होता म्हणून आम्ही वेळेत पोहोचलो. दुपारी बारा वाजता तीच वेळ आली असती तर मोटारीने कोथिंबीर आणायला गेलेल्यांच्या रांगेत आम्ही अडकलो असतो.

आणि नुसती पाटी लावून 30 होत नाही, हेही मला माहीत आहे. पाटीवर 30 लिहिलेलं वाचायला वेग 30 च्या आत असावा लागतो. आपल्याकडे वेग कमी करायचा एकच उपाय सगळ्यांना येतो, तो म्हणजे रात्रीतून डांबराचा उंटाच्या पाठीसारखा गतिरोधक टाकणं. त्यावर ना पट्टे, ना पाटी. त्याने गरोदर बाईचे हाल होतात आणि सायकलवाल्याची कंबर जाते. यापेक्षा साधे उपाय आहेत. चौकाचे कोपरे गोलाकार न ठेवता घट्ट केले की वळताना वाहन आपोआप हळू होतं. पादचाऱ्यांची ओलांडायची जागा फुटपाथच्या उंचीला आणून पसरट केली की गाडी हळूच चढते आणि उतरते, कोणाची हाडं खिळखिळी होत नाहीत. फुटपाथ 1.8 मीटरचा असावा असं आपल्याच इंडियन रोड्स काँग्रेसचं पुस्तक सांगतं. वाहनं नव्हे, माणसं हलवायची, असं आपल्याच 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात लिहिलेलं आहे. कागद आपल्याकडे कधीच कमी नव्हता.

काय कमी पडतं ते मला एका जाळीने शिकवलं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजारातल्या एका आळीत रस्त्याकडेला गटारावर नवी लोखंडी जाळी बसवली होती. छान, भक्कम, रंग दिलेली. फक्त तिच्या सळया रस्त्याच्या दिशेने होत्या, आडव्या नव्हत्या, आणि दोन सळयांमधलं अंतर बरोबर सायकलच्या चाकाएवढं. समोरून रिक्षा आली, मी कडेला घेतलं, पुढचं चाक जाळीत गेलं आणि मी हॅंडलवरून पुढे. हनुवटीला चार टाके पडले. बघायला जमलेल्यांतला एक जण म्हणाला, “सर, या वयात सायकल कशाला?” जाळीबद्दल कोणीच काही बोललं नाही. जाळी बसवणाऱ्याने ती नव्वद अंशांत फिरवून बसवली असती तर एक रुपयाही जास्त लागला नसता. त्याला फक्त या रस्त्यावरून सायकल जाते एवढं आठवायला हवं होतं.

मी अर्ज दिला होता, सोबत जाळीचं चित्र आणि बाणही काढून. पोच मिळाली. दसऱ्यानंतर दरवर्षी डांबरीकरण निघतं, तेव्हा बघू असं तोंडी सांगितलं. तीन दसरे झाले. आळीत दोनदा डांबर पडलं, जाळीच्या कडेने नीट कापून. सळया अजून तशाच आहेत. मी आता तिथे उतरतो, सायकल उचलून जाळीपलीकडे ठेवतो आणि पुन्हा बसतो. मागून येणारी शाळेची मुलंही आता तसंच करायला लागलीत.